बाबा ७१ चे, रोज अंबाझरीला फिरतात तरी पाय बारीक होऊन राह्यले, प्रोटीन पावडर सुरू करू का?

नरेंद्रनगरवाला

नमस्कार मंडळी, बाबांबद्दल विचारायचं होतं. वय ७१, वजन सध्या ६२ किलो, आधी ६७ होतं. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, ॲडमिट होते, घरी आल्यावरही बरेच दिवस पडूनच होते, जेवण जात नव्हतं. त्यातून बरे झाले आणि पुन्हा सकाळचं इथल्या नागपूरच्या अंबाझरी तलावावरचं फिरणं सुरू केलं, मित्रांचा ग्रुप आहे, तासभर चालतात, त्यात खाडा नाही. पण मांड्या आणि पोटऱ्या अशा बारीक झाल्या की जुन्या पँटी ढगळ होतात, पोट मात्र जिथल्या तिथं. पूजेला पाटावर बसले की उठताना कोणाचा तरी हात लागतो नाहीतर भिंतीला धरून उठतात, लोणच्याच्या बरणीचं झाकण आता मला उघडायला देतात (हे ते सांगत नाहीत, आईनं सांगितलं).

शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू, बीपीची एक गोळी. उजवा गुडघा कुरकुरतो. शाकाहारी, अंडं खातात पण घरात नाही, आईला चालत नाही, म्हणजे बाहेरच कुठं तरी आम्लेट.

मी ज्या जिममध्ये जातो तिथल्या ट्रेनरनं लगेच यादी करून दिली, व्हे (दुधापासून काढलेलं प्रोटीन), क्रिएटिन (स्नायूंना जोर लावायला मदत करणारी पावडर), बीसीएए (प्रोटीनचेच सुटे घटक), मल्टिव्हिटामिन, सगळं मिळून नऊ हजाराच्या वर, आणि म्हणे अंकलला तीन महिन्यांत फरक दिसंन. या वयात हे सगळं द्यायचं असतं का? किडनीचं काय? आणि रोज इतकं चालूनही पाय बारीक काऊन होऊन राह्यले हे मला समजत नाही.

सावजी_सम्राट

भाऊ पावडरबिवडर सोडा, पाया सूप द्या हप्त्यातून दोनदा. आमच्या आजोबांनी ऐंशीपर्यंत तेच पेलं, काही झालं नाही.

नरेंद्रनगरवाला

@सावजी_सम्राट अंडं घरात येत नाही तिथं पाया आणला तर मलाच घराबाहेर राहावं लागंन 😄

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा रोडच्या बाजूला माझं काम चालतं, असे काका माझ्याकडे बरेच येतात, तक्रार गुडघ्याची घेऊन येतात आणि खरी भानगड मांडीत ताकद नसण्याची असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे चालण्याबद्दल. चालणं हृदयासाठी, शुगरसाठी, झोपेसाठी, मित्रांसोबत गप्पांसाठी उत्तम आहे, ते बंद करू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूला त्याच्या ताकदीचा अगदी थोडा भाग वापरावा लागतो. स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात, सावकाश चालणारे आणि झटक्यानं जोर लावणारे. वयानुसार आधी बारीक होतात ते जोरवाले, आणि खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, अडखळलं तर पाय पटकन पुढे टाकून सावरणं, ही सगळी कामं त्यांचीच. तासभर चाललं तरी त्यांना कोणी हाकच मारत नाही. म्हणून रोज फिरणारा माणूस पण पाटावरून उठू शकत नाही, यात नवल काहीच नाही.

दुसरं, अंथरुणावरचे दिवस. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट, साठी-सत्तरीच्या लोकांना फक्त १० दिवस बेडवर झोपवून ठेवलं होतं, काही आजार नाही, ताप नाही, तरी त्यांच्या पायांतून जवळपास १ किलो स्नायू गेला. तुमच्या बाबांना तर वरून डेंग्यू होता आणि जेवण पण जात नव्हतं. तरणा माणूस हे भरून काढतो, सत्तरीतला आपोआप भरून काढत नाही, त्याला मुद्दाम करावं लागतं.

आता घरी आजच एक गोष्ट बघा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बाबांना हात छातीवर घडी घालून बसवा आणि पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं असं ५ वेळा करायला सांगा, मोबाईलवर वेळ लावा, आणि तुम्ही बाजूला उभे राहा. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये जे निकष ठरले त्यात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सार्कोपेनियाचा, म्हणजे वयानं स्नायू झिजल्याचा, संशय घ्यायचा असं आहे. पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपनं मोजा, पुरुषांत ३४ सेंमीच्या खाली असेल तर तो पण इशारा. हाताची पकड मोजायचं छोटं यंत्र असतं, पुरुषांत २८ किलोच्या खाली कमी धरतात, ते एखाद्या फिजिओकडे मोजून मिळेल.

वजनकाट्यावर जाऊ नका, पोट तसंच असलं की काटा खोटं बोलतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगून राह्यले की आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्या शरीरात पण चरबी जास्त आणि स्नायू कमी असतो.

आकडे टाका, मग व्यायाम सांगते.

नरेंद्रनगरवाला

ताई, केलं. १६ सेकंद लागले आणि चौथ्या वेळेला हात खुर्चीवर ठेवलाच त्यांनी. पोटरी ३२. बाबा म्हणाले खुर्चीच ठेंगणी आहे 🙂

फिजिओताई

सगळे हेच म्हणतात 🙂

ठीक आहे, म्हणजे काम करायला जागा आहे. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, मध्ये एक दिवस सुट्टी. रोज नको, स्नायू व्यायामाच्या वेळी नाही वाढत, नंतरच्या आरामात वाढतो.

मुख्य व्यायाम तोच, खुर्चीतून उठणं-बसणं. पण बसताना धपकन नाही, चार मोजत सावकाश खाली यायचं, ताकद तिथंच तयार होते. गुडघा दुखतो म्हणून सुरुवातीला खुर्ची उंच करा, उशी नाही, उशी दबते, घट्ट घडी घातलेली चादर किंवा गोधडी ठेवा. गुडघ्यात थोडी कुरकुर चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं किंवा सूज आली तर उंची वाढवा, बंद करू नका. त्यासोबत स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकवून तिरकं उभं राहून दंड मारणं, खिडकीच्या गजाला रबरी बँड बांधून स्वतःकडे ओढणं, पायरीवर कठडा धरून टाचा उचलणं आणि पहिल्या पायरीवर एक-एक पाय चढ-उतार. इतकं पुरे, अर्ध्या तासात होतं.

किती करायचं हे आकड्यावर ठरवू नका, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण अजून दोन-तीन निघाले असते इतपत राखून थांबायचं. १२-१५ सहज होत असतील तर तो व्यायाम हलका झाला, वजन वाढवा. आणि श्वास रोखून जोर लावू द्यायचा नाही, बीपी आहे ना, उठताना तोंडानं श्वास सोडायचा, पाहिजे तर मोठ्यानं आकडे म्हणायला लावा, बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. रोज दात घासताना एका पायावर उभं राहणं (दुसरा हात बेसिनवर) हे तोल सांभाळण्यासाठी, ते दररोज चालतं. चक्कर, छातीत दडपण, असं काही झालं तर तिथंच थांबायचं. हृदयाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

पहिले काही आठवडे ताकद वाढेल पण पोटरी तेवढीच राहील, कारण आधी मेंदू आणि नसा शिकतात, मांस भरायला दोन-तीन महिने लागतात. तिथं लोक सोडून देतात.

लोको_काका

बेटा, मी ७४ चा आहे, रेल्वेत होतो, अजनी लोको शेडले. फिजिओ मॅडम बोलल्या ते सोळा आणे खरं आहे. मी पण आधी फक्त फिरतच होतो आणि मला वाटे की आपण फिट आहोत, तर एक दिवस भरलेलं सिलिंडर दारातून आत सरकवता आलं नाही. उचलणं तर दूरच, सरकवता नाही आलं. त्यानंतर चालू केलं.

जिममध्ये मी काही गेलो नाही, तिथं ते गाणे आणि ते पोट्टे, आपल्याले नाही जमत. घरचा दिवाण आहे, तो ठेंगणा. त्याच्यावर गोधडीच्या चार घड्या ठेवून त्याच्यावरून उठबस चालू केली. सोपं वाटू लागलं की एक घडी काढून टाकायची. अशा सगळ्या घड्या निघाल्या. मग नातवाची जुनी शाळेची बॅग घेतली, त्यात तूरडाळीचं एक किलोचं पाकीट टाकलं आणि बॅग पाठीवर नाही, पोटावर, समोरून लटकवली, पाठीवर घेतली की मागं तोल जातो. मग दोन पाकीटं, मग तीन. बायको विचारे डाळ कुठं गेली तर मी बॅग दाखवे. आता पाच किलो घेऊन उठतो.

तुझ्या बाबांना एक सांगजो, ग्रुपमधले हसतील. माझे पण हसले. त्याइले म्हणावं आधी हात न लावता पाटावरून उठून दाखवा मग हसा.

पावडर मी घेत नाही, पण मी अंडे खातो, मासळी खातो, बुधवारी-रविवारी मटण आहेच, त्यामुळे माझं पाहून तुम्ही ठरवू नका.

मुगाचं_धिरडं

मी आहारातली आहे, नागपुरातल्याच एका हॉस्पिटलात काम केलंय, आता घरून सल्ला देते. खाण्याचं कोणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते, बाबा दिवसभरात काय खातात? नसेल लिहायचं तर मी अंदाजानं सांगते, कारण आपल्याकडच्या सत्तरीतल्या शाकाहारी पुरुषांची थाळी बहुतेक सारखीच असते. सकाळी चहा-टोस्ट, मग पोहे नाहीतर उपमा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात, चार वाजता चहा-चिवडा, रात्री पुन्हा पोळी-भाजी किंवा खिचडी आणि झोपताना अर्धा कप दूध. बरोबर?

नरेंद्रनगरवाला

तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? 😅 फक्त चिवड्याऐवजी कधीकधी समोसा.

मुगाचं_धिरडं

आता यात प्रोटीन मोजा. पोह्यांत शेंगदाणे धरून ६ ग्रॅम, दुपारच्या जेवणात १५ च्या आसपास (पोळीला ३, पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ४, ते वरण नसतं, पिवळं पाणी असतं), रात्री १०-१२, दूध-चहा-चिवडा-टोस्ट मिळून ७-८. सगळं मिळून चाळीसच्या आसपास. आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० ची शिफारस कुठल्याही प्रौढ माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६२ किलोला ५१. आणि साठीच्या पुढच्यांसाठी युरोपातल्या तज्ज्ञ गटांनी २०१३-१४ मध्येच किलोमागे १ ते १.२ सांगितलंय, आजारातून उठलेल्याला त्याच्याही वर. म्हणजे बाबांना ६२ ते ७४ पाहिजे आणि पोटात जातंय चाळीस.

आणि नुसती बेरीज पण कामाची नाही, वाटणी महत्त्वाची. म्हाताऱ्या स्नायूचे कान जरा जड झालेले असतात, थोड्याथोडक्या प्रोटीननं त्याला ऐकूच येत नाही. तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, सत्तरीत ते ०.४ च्या आसपास लागतं, म्हणजे बाबांना एका वेळेला २५ ग्रॅम. ६ ग्रॅमचे पोहे खाल्ले काय नि नाही खाल्ले काय, स्नायूला काही फरक पडत नाही. आपल्याकडे सगळ्यात मोठं भोक सकाळच्या नाश्त्यात असतं, म्हणून दुरुस्ती तिथूनच.

६० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून दोन-तीन धिरडी करा, १४ ग्रॅम झालं, सोबत मोठी वाटी दही ५, आणि पेलाभर दूध ६, आले पंचवीस. आठवड्यातून एखाद दिवशी तर्री पोहे खायचे तर तर्री कमी आणि हरभरे जास्त घ्या, तेल नाही चणे खायचे आहेत. दुपारी वरण घट्ट करा, माणशी ५० ग्रॅम डाळ पडली पाहिजे, त्यात ११ आलं, सोबत ताकाऐवजी दही. संध्याकाळी चिवडा बंद, मूठभर फुटाणे, ६ ग्रॅम. रात्री ७५ ग्रॅम पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या कोरड्या ३० ग्रॅम (त्यात १५ प्रोटीन असतं, इतकं स्वस्त दुसरं काही मिळत नाही), किंवा आपली पाटवडी, ५० ग्रॅम बेसनात ११ आहे, फक्त रश्श्यावरचा तवंग काढून. झाले ७४, आणि एक पण डबा विकत आणला नाही. शुगर आहे म्हणून भात अर्धा करा, ती जागा डाळीला द्या, शुगर पण ऐकेल.

पाया सूपवाल्या दादांसाठी, पाया सूपात जे असतं ते बहुतेक जिलेटिन, स्नायूला चालना देणारा प्रोटीनमधला घटक, ल्यूसिन, त्यात फार कमी. चव मस्त असते, नाही म्हणत नाही.

सावजी_सम्राट

म्हणजे आजोबा चवीवरच जगले म्हणायचं 😂

सरळ_बोलतो

हे सगळं ठीक आहे पण पावडरच्या प्रश्नाचं उत्तर कोणी देऊन नाही राह्यलं. मी सांगतो. नका घेऊ. हैदराबादच्या एनआयएननं, म्हणजे आयसीएमआरच्याच पोषण संस्थेनं, मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट लिहिलंय की शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, साखर असते, स्वीटनर असतात, फ्लेवर असतात. आणि त्याच वर्षी केरळच्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या तर ७० टक्क्यांच्या लेबलवर प्रोटीनचा आकडा एक आणि आत निघालं वेगळं, काहींत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, पण सापडलं. हा सगळा धंदा आहे. ट्रेनरला कमिशन असते, बस.

पुस्तकी_किडा

@सरळ_बोलतो भाऊ, बाजाराबद्दल तुमचं बरोबर आहे पण त्यावरून व्हे मध्ये दम नाही असं नाही होत. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीचा २०१७ चा एक अभ्यास नेमका याच विषयावर आहे, ४९ धडधाकट पुरुष, सरासरी वय ७३. अर्ध्यांना दिवसातून दोनदा पेय दिलं ज्यात व्हे, क्रिएटिन, व्हिटामिन डी, कॅल्शियम आणि फिश ऑइल होतं, बाकीच्यांना नुसतं गोड पेय. पहिले ६ आठवडे काही व्यायाम नाही, फक्त पेय. तरी पेयवाल्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन सरासरी ७०० ग्रॅमनं वाढलं, ताकद पण वाढली. मग १२ आठवडे दोन्ही गटांना व्यायाम दिला. म्हणजे काहीच होत नाही असं नाही.

पण याच्या उलट बाजू पण सांगतो. १९९४ चा बोस्टनचा अभ्यास आहे, तिथल्या एका वृद्धाश्रमातले १०० अशक्त लोक, सरासरी वय ८७, काठी-वॉकरवाले. काहींना १० आठवडे पायाचे जड वजनाचे व्यायाम दिले, काहींना नुसतं पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, नुसतं पेयवाल्यांना काही उपयोग झाला नाही. ८७ व्या वर्षी! म्हणून माझं मत, व्यायाम सुरू नसेल तर डबा उघडूच नका. व्यायाम सुरू झाला आणि जेवणातून २५ चा आकडा गाठत नसेल तर मग डबा.

एमडी_मेडिकल_चौक

डॉक्टर आहे, ऑनलाइन प्रिस्क्रिप्शन देत नाही, पण काही गोष्टी इथं सुटून राह्यल्यात म्हणून लिहितो.

किडनीचं आधी. बाबांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे, म्हणजे प्रोटीन वाढवायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) आणि लघवीतलं अल्ब्युमिन ह्या दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत, स्वस्त आहेत, कुठल्याही लॅबला होतात. रिपोर्ट नॉर्मल असतील तर वर धिरडंताईंनी सांगितलेल्या ७४ ग्रॅमनं किडनी बिघडत नाही, ही भीती काढून टाका. किडनी आधीच अधू निघाली तर गणित उलटं होतं, मग प्रोटीन कमी ठेवावं लागतं आणि ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

क्रिएटिन. ट्रेनरच्या यादीत व्यायामासोबत खरोखर कामाची दुसरी वस्तू हीच, आणि शाकाहारी माणसाच्या स्नायूत ते मुळातच कमी असतं. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, ते आठवडाभर वीस-वीस ग्रॅमवालं लोडिंग म्हाताऱ्या माणसाला करायची गरज नाही. सुरुवातीला किलोभर वजन वाढतं ते पाणी असतं. आणि लक्षात ठेवा, क्रिएटिन घेणाऱ्याचं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढून दिसतं कारण ते त्याच्यापासूनच तयार होतं, किडनीला इजा झाली असं नाही, पण तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नसेल तर तो बिचारा रिपोर्ट पाहून घाबरंन आणि गोळ्या बदलंन. म्हणून आधी तपासणी, मग क्रिएटिन, आणि डॉक्टरला माहिती. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पाणी नीट प्यायला लावा, पावडर असो का नसो.

बीसीएए फेका. व्हे आणि डाळ-दुधात ते आलंच आहे, वेगळे पैसे कशाला?

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होतं, शाकाहारी असेल तर अजूनच. पाय लटपटणं, तोल जाणं, मुंग्या येणं, हे सगळं लोक वयावर ढकलतात आणि निघतं बी१२. ती तपासणी पण करून घ्या.

आणि व्हिटामिन डी. इथं प्रत्येक घरात ते ६०,००० युनिटवाले सॅशे असतात, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून लोक महिनोन्महिने घेत राहतात. कमतरता असेल तर डॉक्टर ठरावीक आठवडे देतात आणि थांबवतात, तितकंच. स्वित्झर्लंडमध्ये सत्तरीवरच्या २०० लोकांवर वर्षभर अभ्यास झाला होता, २०१६ ला छापून आला, ज्यांना महिन्याला ६०,००० दिलं ते २४,००० वाल्यांपेक्षा जास्त वेळा पडले. जास्त म्हणजे चांगलं असं यात नाही.

शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइडसारखं काही असेल तर व्यायामानंतर शुगर उतरू शकते, घाम-थरथर झाली तर लगेच तपासा. स्नायू वाढला की जेवणानंतरची साखर ओढून घ्यायला जागा वाढते, म्हणून काही महिन्यांनी गोळ्यांचा डोस बघावा लागू शकतो, तो स्वतःहून कमी करायचा नाही.

सरळ_बोलतो

डॉक्टरसाहेब बोलले म्हणून मानतो, क्रिएटिनचं मला वाटलं ते बॉडीबिल्डरवालं स्टेरॉइड असते. पण डबा असली का नकली हे कसं ओळखायचं ते पण सांगा न.

पुस्तकी_किडा

स्टेरॉइड नाही भाऊ, मटणात-मासळीत असतंच ते. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्या साईटवर टाकून पाहता येतो. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून आतलं प्रमाण लपवलं असेल तर सोडून द्या. प्रोटीन ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २२-२४ असलं पाहिजे. ते म्हाताऱ्यांसाठी म्हणून विकतात ते माल्टवाले चॉकलेटी डबे मागून वाचा, साखर आधी आणि प्रोटीन नावाला.

मुगाचं_धिरडं

डबा घ्यायचाच नसेल तर साधी मलईविरहित दूध पावडर आणा, १०० ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम प्रोटीन असतं, ३० ग्रॅम ढोकळ्यात, दुधात, कढीत कशातही मिसळा, १० ग्रॅम वाढलं आणि व्हेच्या अर्ध्याहून कमी पैशात. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल, तर मग मात्र व्हे आयसोलेट बरं, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असतं.

जवसाबद्दल कोणी विचारायच्या आधी सांगते, जवसाची चटणी खा, चांगलीच आहे, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, फिश ऑइलची जागा ते घेत नाही.

नरेंद्रनगरवाला

सगळ्यांना खूप धन्यवाद. ठरलं ते असं, उद्या लॅबला जाऊन क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, बी१२ करतो, ट्रेनरची यादी बाजूला ठेवली. धिरडं आजच झालं, बाबा म्हणाले पोहे कुठं आहेत. काकांची गोधडीची आयडिया बाबांना एकदम पटली, बँडपेक्षा पटली, कारण त्यात विकत काही आणायचं नाही.

आता एक अडचण. बाबा चतुर्थी, एकादशी आणि श्रावणात सोमवार धरतात, आणि उपास म्हणजे आमच्याकडे सकाळी साबुदाणा खिचडी आणि रात्री साबुदाणा वडा. तेव्हा काय करायचं? उपास सोडा म्हटलं तर मलाच ओरडतील.

मुगाचं_धिरडं

सोडायला कोण सांगतंय. फक्त साबुदाणा हलवा, त्यात प्रोटीन जवळपास शून्य आणि शुगरवाल्याला सगळ्यात वाईट. राजगिऱ्याची पोळी किंवा थालीपीठ करा (१०० ग्रॅमला १४ च्या आसपास), दह्यात दाण्याचं कूट घालून कोशिंबीर, दोन्ही वेळेला दूध, आणि पनीर चालत असेल तर जिरं-मिरची-तुपावर परतून. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर पण तेल पण भरपूर, मूठभरच, दाण्याची आमटी वाटीभर.

लोको_काका

आणि उपासाच्या दिवशी उठबस नको ठेवजो, आदल्या दिवशी करून घ्यायची. मी पण एकादशी धरतो. राजगिऱ्याचं थालीपीठ तव्याला चिकटते, केळीच्या पानावर थापून टाकलं की बरोबर निघते.

नरेंद्रनगरवाला

@लोको_काका हे आईला वाचून दाखवलं, ती म्हणे पान नसेल तर बटर पेपरवर थापते. आणि पनीर उपासाला चालते, पण कांदा नाही टाकायचा.